गाडीवर कुणाचं नाव, पावतीवर कुणाचं? पुणे–लेह मदतमोहिमेसाठी प्रायोजक शोधताना

एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायला गाडीने पुणे–लेह करायचं ठरवलं असेल, तर प्रायोजकाच्या दारात जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर गाडीतल्या चौघांनीही पाठ करून ठेवा, कारण तो पहिल्याच दुकानात येणार आहे. "लेहला फिरायला जायचंय ना? मग डिझेलचेच पैसे संस्थेला देऊन टाका की!" विचारणारा खवचट असेलच असं नाही, हिशेब त्याच्या बाजूने आहे. यावर टिकणारं उत्तर एकच: प्रवासाचा खर्च आमचा आम्ही करतोय, तुमचा रुपया थेट संस्थेच्या खात्यात जाणार. हे छातीठोकपणे सांगता येत नसेल तर पुढची तयारी करूच नका. स्वतःच्या पैशाने मजेत फिरून या, त्यात कमीपणा काही नाही.

म्हणजे पहिलं काम दोन वह्या घालण्याचं. एक प्रवासाची, एक मदतीची. प्रवासाची वही आधी भरा. पुण्याहून दिल्ली, मनालीमार्गे लेह, तिथून कारगिल, श्रीनगर करत परत, असा मार्ग धरला तर लडाखमधल्या फिरण्यासकट सहा हजार किलोमीटरच्या आसपास जातात. डिझेल गाडीने लिटरला १४ किलोमीटर दिले तर सव्वाचारशे-साडेचारशे लिटर, म्हणजे ९० रुपयांच्या भावाने चाळीस हजारांच्या घरात. अठरा रात्री, दोन खोल्या, खोलीला दीड हजार धरले तर ५४ हजार. जेवणखाण चाळीस-पंचेचाळीस हजार. टायर आणि सर्व्हिसिंगला चाळीस, अडीअडचणीला तीस. टोलचा आकडा आता लहान झालाय. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास आला, तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता. मात्र मुंबई–पुणे द्रुतगती किंवा समृद्धीसारख्या राज्याच्या रस्त्यांवर तो चालत नाही. सगळं मिळून दोन लाख दहा-बारा हजार, डोई त्रेपन्न हजार. ही रक्कम चौघांनी एका खात्यात आधीच जमा केलेली असावी. त्या खात्याचा उतारा फाइलमध्ये ठेवा. कुणी मागत नाही, पण आपण न मागता दाखवला की समोरच्याचा सूर बदलतो.

मदतीच्या वहीतला आकडा प्रवासखर्चाच्या निदान दुप्पट हवा असं माझं मत आहे. दोन लाख खर्चून दीड लाख गोळा करणं हे कुणाला पटवून सांगता येत नाही.

आता संस्था. इथे बहुतेक गट भावनेच्या भरात कुठलंही नाव घेतात आणि मग "या कामाचा आणि लेहचा काय संबंध?" या प्रश्नावर अडखळतात. मार्ग आणि काम यांचा धागा एका वाक्यात सांगता आला पाहिजे. पुण्यातून निघणाऱ्यांना असे धागे हाताशी आहेत. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जायबंदी सैनिकांना व्यवसायाचं शिक्षण देतं. खडकीतच मणक्याच्या दुखापतीने अधू झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तुमचा रस्ता द्रासच्या कारगिल युद्धस्मारकावरून जातो, वेगळं भाषण लागत नाही. काश्मीरच्या मुलांना पुण्यात शिकवणारी 'सरहद' आहे. संस्था कुठलीही धरा, पण तिच्याकडून लेटरहेडवर पत्र आणल्याशिवाय तिचं नाव किंवा बोधचिन्ह कुठेही वापरू नका. पत्रात मोहिमेची तारीख, तुमची नावं, नाव वापरायची परवानगी आणि बँक खात्याचा तपशील असावा. सोबत नोंदणीचा दाखला, पॅन, ८०जीचं (देणाऱ्याला आयकरात वजावट मिळवून देणारं) प्रमाणपत्र आणि कंपन्यांकडे जाणार असाल तर सीएसआर-१चा, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी घेण्यासाठीचा, नोंदणी क्रमांक. एखादी संस्था ही कागदपत्रं द्यायला महिनाभर टाळाटाळ करत असेल तर पावत्या द्यायला किती करेल, याचा अंदाज तिथेच येतो.

पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायचा मोह टाळा. यूपीआयच्या जमान्यात तो फार सोपा वाटतो. पण धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी काढतात तोच हा परवाना. शिवाय नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट मिळाली की ती तुमचं उत्पन्न धरली जाते. पुढे ती संस्थेला दिली तरी पावती तुमच्या नावाची निघते, देणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून संस्थेचाच क्यूआर कोड घ्या आणि देणाऱ्याला शेऱ्यात मोहिमेचं ठरलेलं एक नाव लिहायला सांगा. दर आठवड्याला त्या शेऱ्याच्या रकमांची यादी संस्थेच्या हिशेबनीसाकडून मागवली की झालं. हिशेबनीसाशी ओळख वाढवा. अध्यक्षांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

८०जीबद्दल अर्धवट बोलू नका. जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच वजावट मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही आणि वस्तुरूपाने दिलेली मदत तर अजिबात नाही. "तुम्हाला करात सगळं सुटेल" असं दुकानदाराला सांगून आलात तर त्याचा सीए तुम्हाला खोटं पाडेल, आणि मग गावभर तेच होईल.

परदेशातल्या मंडळींचं प्रकरण वेगळं आहे. न्यू जर्सीचा मामा, लंडनची आत्या हे हक्काचे देणगीदार, पण पासपोर्ट कुठला हे आधी विचारावं लागतं. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिक झालेल्याची मात्र धरली जाते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. अशा देणगीसाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. एफसीआरए नसेल तर मामांना नम्रपणे थांबवा. त्यांची रक्कम संस्थेला पुढे फार महाग पडू शकते.

कंपन्यांकडे जाताना दोन दारं असतात, आणि चुकीच्या दारावर थाप मारण्यात महिने वाया जातात. एक सीएसआरचं, दुसरं मार्केटिंगचं. सीएसआर कायद्याने लागू होतो तो ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक पायरी ओलांडलेल्या कंपन्यांना. त्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात. पण सीएसआरच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०१४ च्या परिपत्रकात तर मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रमही वगळले आहेत. म्हणजे "आमच्या गाडीवर तुमचा लोगो लावतो, सीएसआरमधून पैसे द्या" ही विनंतीच नियमाबाहेरची. सीएसआरवाल्यांकडे गाडीचा विषय काढायचाच नाही. त्यांच्यापुढे संस्थेचा प्रकल्प ठेवायचा आणि तो ठेवायला संस्थेच्या माणसाला सोबत न्यायचं. लोगो, फोटो, बॅनर ही भाषा मार्केटिंगच्या दारात. दोन्हीकडे एकच पत्र पाठवलंत तर दोन्हीकडून नकार.

मार्केटिंगवाले रोख द्यायला तयार झाले तरी बिल मागतात, जीएसटीसह. चार मित्रांच्या गटाकडे नोंदणी नसते, त्यामुळे तसं बिल देता येत नाही. कंपनी टीडीएस कापू शकते, पॅन मागते, आणि ती रक्कम पुन्हा तुमच्या उत्पन्नात मोजली जाते. याच कारणाने मी रोख प्रायोजकत्वाच्या मागे लागायला सांगत नाही. वस्तू आणि सेवा मागा.

इथे तुम्ही म्हणाल, प्रवासखर्च आपलाच असेल तर टायर फुकट कसे घ्यायचे? त्यासाठी एक नियम करा आणि तो पत्रातच छापा. प्रायोजकाने जी वस्तू दिली, तिच्यासाठी प्रवासाच्या वहीत काढून ठेवलेली रक्कम आपण संस्थेला देणार. टायरवाल्याने २४,००० रुपयांचे चार टायर दिले तर आपले चोवीस हजार त्याच आठवड्यात संस्थेकडे, आणि बँकेत भरल्याची पावती टायरवाल्याच्या व्हॉट्सॲपवर. आपण डोई त्रेपन्न हजार काढलेच होते, ते गेलेच. फक्त त्यातले चोवीस हजार टायरच्या दुकानात न जाता संस्थेत गेले. हे गणित दुकानदाराला एका मिनिटात कळतं. त्याच्यासाठी सोयही मोठी: बाजारभावाने चोवीस हजारांची वस्तू त्याला खरेदीभावात पडते, रोख हातातून सुटत नाही आणि नाव चोवीस हजारांचं लागतं.

कुणाला विचारायचं याची यादी गल्लीपासून सुरू करा. ज्या गॅरेजमध्ये गाडी वर्षानुवर्षं जाते तो पहिला. त्याला सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, कूलंट, बेल्ट यांची यादी द्या, शिवाय त्याचं नाव गाडीवर असेल तर तो काम दुप्पट काळजीने करतो हा फायदा वेगळा. मग टायरवाला, बॅटरीवाला, औषधाचं दुकान, गरम कपड्यांचा व्यापारी, वाटेतल्या हॉटेलांपैकी मराठी पर्यटकांवर चालणारी एक-दोन. रोटरी आणि लायन्सच्या क्लबांपुढे दहा मिनिटांचं बोलणं मिळवा. तिथून रोख देणगी थेट संस्थेला येते आणि पुढच्या चार ओळखीही निघतात. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांकडे धर्मादाय निधी असतो, पण तिथे संचालक मंडळाच्या बैठकीत विषय यावा लागतो, तेव्हा अर्ज लवकर द्या. सराफ आणि बिल्डर यांच्याकडे सगळेच जातात. रांगेत उभं राहायची तयारी असेल तर जा.

कुणाला नाही म्हणायचं हेही आधी ठरवा. सोडा नि सुपारीच्या नावाखाली मद्य आणि गुटख्याची जाहिरात करणारे संस्थेला चालणार नाहीत. सावकारी ॲपवाले तर नकोतच. आणि पुढारी. भाऊ, दादा मोठ्या मनाने पन्नास हजार देतील, पण दुसऱ्या दिवशी चौकात जो फ्लेक्स लागेल त्यात तुमची गाडी काडेपेटीएवढी आणि शुभेच्छुकांचे चेहरे ताटाएवढे असतील. द्यायचं असेल तर संस्थेला द्या, गाडीवर नाव लागणार नाही, एवढं हसून सांगायला शिका.

वेळेचं गणित जूनवरून मागे मोजा. मनाली–लेह रस्ता बर्फ काढून साधारण मे-जूनमध्ये खुला होतो, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात हिमाचलात दरडी कोसळतात. म्हणून जूनचा दुसरा पंधरवडा बरा. त्यासाठी कंपन्यांना डिसेंबर-जानेवारीत गाठावं लागतं, नव्या वर्षाचं अंदाजपत्रक तेव्हाच शिजत असतं. मार्चमध्ये कुणाच्याही दारात उभे राहू नका. दुकानदारांकडे पाडव्यानंतर जा, सकाळी बोहनी होऊन गेल्यावर, आणि गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबा. दोघांनीच जायचं. चौघं एकदम दुकानात शिरले की वर्गणीवाले आले असंच वाटतं.

पत्र एका पानाचं. गावातल्या व्यापाऱ्याला मराठीत, कंपनीला त्यांच्या भाषेत, आणि नाव घालून; 'महोदय'ने सुरू होणारं पत्र टेबलावरच राहतं. कोण आहोत, कुठे आणि कधी जातोय, कुठल्या संस्थेसाठी, तुमच्याकडून नेमकं काय हवंय, त्याबदल्यात काय मिळेल, वर सांगितलेला नियम, आणि संस्थेच्या माणसाचा फोन नंबर. 'यथाशक्ती मदत' असं लिहू नका. यथाशक्ती म्हटलं की पाचशे एक येतात. "अमुक मापाचे चार टायर" असं लिहा. सोबत गाडीचा एक फोटो, त्यावर त्यांचं नाव कुठे बसेल ते संगणकावर लावून दाखवलेलं. बाकीच्या स्लाइड्स, ड्रोनचे फोटो, जगप्रवाशांची सुभाषितं यांची गरज नाही. उत्तर 'बघू' आलं तर दहा दिवसांनी एकदा फोन करा. पुन्हा 'बघू' आलं तर यादीतलं नाव खोडा आणि नमस्कार कायम ठेवा.

आता गाडी. रेडियमवाल्याकडे जाण्याआधी तीन ठिकाणी विचारणं आहे. पहिलं आरटीओ: खासगी गाडीवर व्यावसायिक जाहिरात लावायची तर परवानगी आणि शुल्क काय, हे लेखी अर्ज देऊन विचारा. पूर्ण गाडीचा रंग बदलेल असं रॅप नकोच. नंबर प्लेटवर काही नाही, काचांवरही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या फिल्मवर बंदी घातल्यापासून वाहतूक पोलिसांची नजर काचेवर आधी जाते, आणि परराज्यातली एमएच गाडी तशीही हात दाखवून थांबवली जाते. राहतात बॉनेट, चार दरवाजे आणि डिकीचा पत्रा. बॉनेट संस्थेला द्या, विकू नका. पुढचे दरवाजे मोठ्या प्रायोजकांना, मागचे बाकीच्यांना, आणि एकूण नावं आठाच्या वर जाऊ देऊ नका. त्यापलीकडे कुणाचंच वाचता येत नाही.

तिरंग्याचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः कारगिलला जाताना. भारतीय ध्वजसंहितेप्रमाणे मोटारीवर ध्वज लावण्याचा मान ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच आहे, ध्वज गाडीच्या टपावर किंवा बाजूंवर पांघरता येत नाही, त्यावर अक्षरं लिहिता येत नाहीत आणि जाहिरातीसाठी वापरता येत नाही. "तिरंगी पट्टा आणि त्यात आमचं नाव" अशी मागणी एखादा प्रायोजक करणारच. त्याला हेच सांगा. सैन्याची चिन्हंही नकोत.

दुसरी विचारणा विमा कंपनीकडे, आणि ही सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत जास्त राहून जाणारी. खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वाहतूक, आयोजित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांना संरक्षण नसतं. त्यामुळे गाडीवर 'रॅली', 'रेस', 'चॅलेंज' असले शब्द छापू नका, पुण्याहून लेह अमुक तासांत असला विक्रम जाहीर करू नका. 'पाचवी सीट देणगीदारासाठी, बोली लावा' ही कल्पना कुणीतरी उत्साहाने मांडेल. पैसे घेऊन माणूस बसवला की दाव्याच्या वेळी भाड्याचा प्रश्न उभा राहू शकतो. मोहिमेचं स्वरूप आणि जाहिरातींचा उल्लेख करून विमा कंपनीला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या, ते छापून डॅशबोर्डमध्ये ठेवा. तिसरी विचारणा घरी. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर आरटीओचा अर्ज आणि विमा कंपनीचा ईमेल त्यांच्याच नावाने जाणार.

प्रायोजकाला काय कबूल करायचं हे रस्ता बघून ठरवा. रोजचं थेट प्रक्षेपण कबूल करू नका. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं, तेही निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं. मनाली–लेह रस्त्यावर पोस्टपेड असूनही लांबच लांब पट्टे नेटवर्कविना जातात. ड्रोनचं चित्रण सीमाभागात अजिबात कबूल करू नका. तारखाही सैल ठेवा. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे, त्यात कुठल्याही प्रायोजकाचा फोटो, भेट, कार्यक्रम ठेवायचा नाही. डोकं ठणकत असताना टायरच्या दुकानाचा बॅनर धरून हसायला लागू नये.

कबूल करायचे ते ठरावीक जागांचे फोटो, आणि जागा प्रायोजकाला शोभणाऱ्या निवडा. मनाली–लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर'वाली पाटी प्रसिद्ध आहे. डिझेल देणाऱ्या पंपमालकाला त्या पाटीखालच्या फोटोसारखी दुसरी जाहिरात सापडणार नाही. टायरवाल्यासाठी गाटा लूप्सची २१ वळणं. गरम कपडेवाल्यासाठी सरचूची पहाट. द्रासच्या स्मारकात मात्र कुणाचंच नाव नको. तिथे गाडी बाहेर, बॅनर डिकीत, आत फक्त संस्थेचं पत्र वाचायचं तर वाचा.

नुब्रा, पँगाँगचे परवाने, औषधं, ऑक्सिजनचा डबा, जादा डिझेलचे कॅन ही यादी लडाखला जाऊन आलेला कुणीही देईल, इथे नको.

प्रत्येक प्रायोजकाशी एक पानी लेखी करार करा, भले तो शाळेतला मित्र असो. काय दिलं, बाजारभाव किती, नाव कुठे आणि किती मोठं, स्टिकर कधीपर्यंत राहणार, फोटो कधी मिळणार. आणि मोहीम रद्द झाली तर काय? दरड, आजारपण, सीमेवरचा तणाव, काहीही होऊ शकतं. संस्थेला गेलेली देणगी परत येणार नाही, न वापरलेली वस्तू परत दिली जाईल, वापरलेल्या वस्तूची रक्कम आपण संस्थेला दिलेलीच आहे, हे तीन मुद्दे लिहिलेले असले की रद्द झालेल्या मोहिमेतूनही कुणी शत्रू होत नाही.

परतल्यावर पंधरवड्याच्या आत दोन्ही वह्यांचा हिशेब सर्वांना पाठवा, प्रवासाचासुद्धा, त्यात ढाब्यावरची बिलंही येऊ द्या. स्टिकर करारातल्या तारखेला काढा. व्हिनाइल उन्हात करपलं की रंगासकट सोलून निघतं, तेव्हा हेअर ड्रायर लावून सावकाश. आणि यादीतलं शेवटचं काम पुढच्या वर्षी येतं. ८०जीसाठी नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याला देणग्यांचं विवरण देऊन काढलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत असते. जूनमध्ये दिलेल्या देणगीचा कागद हातात यायला अकरा महिने लागू शकतात. हे देणाऱ्याला पैसे घेतानाच सांगा, सगळ्यांचे पॅन आणि पत्ते संस्थेच्या हिशेबनीसाकडे वेळेत पोहोचवा, आणि पुढच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याला फोन करायची आठवण आत्ताच मोबाइलमध्ये लावून ठेवा.